तीन नंबर चेंबरचं शुद्धिपत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे – मागच्या रविवारी एका माणसाला सांगितलं, पण त्याला ते माझ्याआधीपासून माहीत होतं. तेव्हा ते सांगणं मी धरत नाही. तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी मी कोण ते सांगावं लागेल. मी जे केलं तेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं – आणि जोरदार काढलं असतं. मी पत्रकांवर वाढले. अमळनेरला माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, तेलाच्या कारखान्यात कामाला होते. पाळी संपली की ते जेवणाच्या आधी कागद पुढे ओढायचे. नळाचं पाणी, मजुरी, बुवाबाजी, शाळेची फी – ज्यावर गाव कुजबुजायचं त्यावर नाना लिहायचे. एक कागद, दोन्ही बाजू. छापून झालं की गठ्ठे बांधायचे आणि एसटीनं धुळ्याला, सोनगीरला, शिंदखेड्याला पाठवायचे. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर बसून.

नानांचे दोन नियम होते. पहिला – कागदावर कोरी जागा सोडायची नाही. कागद लोकांच्या वर्गणीचा. चार बोटं जागा उरली तरी तिथं एखादी ओळ बसलीच पाहिजे. दुसरा – चूक जितक्या हातांत गेली, तितक्या हातांत दुरुस्ती गेली पाहिजे. पुढच्या पत्रकात गुपचूप बरोबर छापून भागत नाही. एकदा एका हातपंपाच्या भांडणात नानांनी चुकीच्या माणसाचं नाव छापलं. कळल्यावर त्यांनी हातभर लांब चिठ्ठ्या छापल्या आणि घरोघर गेले. मी सोबत, खळीचा डबा घेऊन. एक मावशी म्हणाल्या, "नाना, ते पत्रक आम्ही कवाच चुलीत घातलं." नाना म्हणाले, "पत्रक जळालं. वाचलेलं नाही जळालं." आणि चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

दोन्ही नियम मला तोंडपाठ होते. एक मी नको तिथं पाळला. दुसरा पाळायची वेळ आली तेव्हा – पण थांबा. क्रमानं सांगते.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी जळगावात एका छोट्या कार्यशाळेत लागले. भूषण आणि मी. भूषण कंट्रोलरचा बोर्ड आणि त्यावरची चिप रचायचा, मी त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचे. हे काम केळीसाठी होतं. रावेरकडे केळी पिकवायचे चेंबर आहेत. हिरवा माल आत ठेवतात, दार बंद करतात, वायू देतात, मग ठरल्या वेळी आतली कोंडलेली हवा बाहेर काढून ताजी घेतात आणि गारवा राखतात. बाहेरून येणारे कंट्रोलर महाग असायचे आणि बिघडले की पुण्याच्या माणसाची वाट बघायची. आम्ही म्हटलं, इथंच करू. यावर मी पत्रकसुद्धा काढलं होतं – आमच्या केळीला आमचं यंत्र. आजही त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे.

आमच्या चिपमध्ये चार कोर होते, म्हणजे चार मेंदू. एकाकडे बटणं, दुसऱ्याकडे तापमान, तिसऱ्याकडे पंखे आणि हवेच्या झडपा, चौथ्याकडे नोंदवही. चौघांची मिळून एक मोठी मेमरी, समजा भिंतीवरचा फळा. पण दरवेळी फळ्यापर्यंत जाणं वेळखाऊ, म्हणून प्रत्येकाजवळ स्वतःची छोटी पाटी. फळ्यावरचं लागेल तेवढं तो पाटीवर उतरवून घेतो आणि तिथंच काम करतो. या पाटीला कॅश मेमरी म्हणतात. तुमच्या फोनमध्येही असंच असतं. फरक एवढाच की फोनमध्ये एकानं काही बदललं की बाकीच्यांच्या पाटीवरचं जुनं आपोआप रद्द होतं – चिपमध्येच तशी सोय असते. आमच्या चिपमध्ये ती सोय नव्हती. मुद्दामच ठेवली नव्हती. त्यानं चिप साधी झाली, स्वस्त झाली, वीज कमी खाऊ लागली. मग कुणी काय बदललं हे इतरांना कळवायचं कुणी? माझ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं. कोरनं लिहिलं की आधी फळ्यावर उतरवायला लावायचं. वाचायच्या आधी स्वतःची पाटी पुसायला लावायची. हे मी केलं आणि चांगलं केलं. नानांच्या दुसऱ्या नियमावर मी एक अख्खी यंत्रणा उभी केली होती – ज्याच्या हाती जुनी प्रत आहे त्याला कळवल्याशिवाय बदल हा बदलच नाही. मला त्याचा अभिमान होता. कामाचा अभिमान आजही आहे, ते लपवत नाही.

एक बारकावा मात्र सांगायला हवा, सगळं त्यातच आहे. कोर फळ्यावर एकेक शब्द लिहीत नाही. तो अख्खी ओळ उतरवतो. समजा एकाच ओळीत तुमची एक नोंद आहे आणि माझी एक. तुम्ही तुमची बदललीत आणि फळ्यावर नीट उतरवलीत. पण माझ्या पाटीवर ती ओळ आधीपासून आहे, तुमच्या जुन्या नोंदीसकट. मी फक्त माझी नोंद बदलते आणि ओळ फळ्यावर टाकते. तुमची नवी नोंद गेली. कुणी खोडली? कुणीच नाही. उपाय सोपा – दोघांच्या नोंदी वेगळ्या ओळींत ठेवायच्या, आणि उरलेली ओळ कोरी सोडायची.

कोरी सोडायची. हे भूषणनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी हसले होते. म्हटलं, "एवढ्या जागेत आमच्या नानांनी अख्खा ठराव बसवला असता." तो म्हणाला, "बाई गं, ती रिकामी जागा नाही, भिंत आहे. राहू दे." मी राहू दिली. पुढे मेमरी कमी पडायला लागली, नवं काही बसेना, तेव्हा एका दुपारी मी त्या कोऱ्या जागा काढून नोंदी एकमेकींना चिकटवल्या. सगळ्या नाही काढल्या. जिथं धोका नाही असं मला वाटलं तिथल्या काढल्या. कुणाला विचारलं? नाही. चाचण्या घेतल्या? घेतल्या, पास झाल्या. ती गफलत व्हायला दोन कोरनी एकाच क्षणी त्या ओळीत हात घालावा लागतो. चाचणीत तसा क्षण आला नाही. आणि कोरी जागा भरून काढल्याचं ते जुनं समाधान – ते मला लहानपणापासून ओळखीचं होतं.

पण या चुकीची ही कबुली नव्हे. चूक कुणाचीही होते. मी सांगायला बसले ते पुढचं आहे.

रावेर रस्त्यावर शेतकऱ्यांच्या एका गटाचे चार चेंबर होते. त्यांची देखरेख सुपडू आबांकडे होती. आबा मूळचे शिंदखेड्याकडचे, कामासाठी पूर्वेला आलेले. तिथली बोली वेगळी, आमची वेगळी. त्या आवारात अहिराणी बोलणारे आम्ही दोघंच. मी दिसले की ते म्हणायचे, "वनी मन्ही इंजिनेर" – आली माझी इंजिनीअर. चेंबरच्या किल्ल्या त्यांच्या करदोड्याला. दाराच्या फटीला नाक लावून ते सांगायचे की माल उद्या पिकून उतरेल की परवा. आमचा कंट्रोलर आल्यावर त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. फक्त बोर्डाकडे बघून म्हणाले, "याले नाक शे का?" मी म्हटलं, चार मेंदू आहेत. ते म्हणाले, "मंग नाक मी." आणि खरंच तसंच ठरलं – हवा कधी बदलायची ते आबांनी नाकानं ठरवायचं आणि हिरवं बटण दाबायचं; बाकी यंत्र बघेल.

एका सकाळी तीन नंबरचं दार उघडलं तर माल शिजलेला. सालं फाटलेली, फण्या हातात घेतल्या की केळं गळून पडतंय. आदल्या दिवशी हवा बदललीच गेली नव्हती. दोन घरांचा माल होता.

गटाची बैठक बसली. मला जळगावहून बोलावलं. मी नोंदवही काढून आणली – आदल्या दिवशीची, मिनिटामिनिटाची. अकरा माणसं होती, आबा दाराजवळ उभे. मी वाचून दाखवलं – तीन नंबर चेंबर, हवाबदलाचं बटण दाबलं गेलं नाही.

आबा म्हणाले, "मी दाबं व्हतं. लाईट बी लागना व्हता."

मी समजावून सांगितलं की दिवा लागला असेलही, पण तो बटणाच्या तारेवरच असतो, तो पुरावा नव्हे. पुरावा नोंदवही. आबांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू तं आपलाकडनी शेस. तू सांग यास्ले."

आणि मी काय सांगितलं? ज्या मुलीनं शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिलं होतं की काम करणाऱ्याचा शब्द आधी ऐका – तिनं घरच्या बोलीत नाही, स्वच्छ पुस्तकी मराठीत सांगितलं, "आबा, मशीन खोटं बोलत नाही."

गटाचे प्रमुख अण्णा भले माणूस. ते म्हणाले, "आबा, माणूस आहे, विसरतो. विसरलो म्हणा अन् चहा घ्या. विषय संपला." खरंच संपला असता. कुणालाही आबांना काढायचं नव्हतं. एक शब्द म्हणायचा होता फक्त.

आबांनी तो म्हटला नाही. करदोड्याची किल्ल्यांची जुडी सोडली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "जे मी करं नही ते मी कसाले सांगू?" चहा तसाच राहिला. त्या आठवड्यात ते शिंदखेड्याकडे लेकीच्या गावी निघून गेले. बैठकीतले सगळे वाईट वाटून घेत होते. मीही. पण माझं वाईट वाटणं वरवरचं होतं, कारण मला खात्री होती. तोवर मी चुकले होते, खोटी नव्हते. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी लिहीत नाही. यापुढचं किती वाईट आहे ते नीट दिसावं म्हणून लिहिते.

तीन आठवड्यांनी मी त्याच आवारात गेले होते. भर दुपार. एक नंबर चेंबरची हवा बदलायची होती, नवा माणूस जेवायला गेलेला. मी स्वतः हिरवं बटण दाबलं. दिवा लागला. झडप उघडल्याचा आवाज आला नाही. थोडं थांबले. मग हातातल्या स्क्रीनवर नोंदवही बघितली.

बटण दाबलं गेलं नाही.

माझं बोट अजून बटणावर होतं. तुम्ही कधी असं उभे राहिला आहात का – आपण एक गोष्ट केली हे बोटाला माहीत आहे आणि कागद सांगतोय की केली नाही? आवारात कुणी नव्हतं. असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं? मी दाबलं होतं. लाईटसुद्धा लागला होता.

दोन दिवसांत गफलत सापडली. मी काढून टाकलेली एक कोरी जागा. बटणाची नोंद आणि तापमानाची नोंद शेजारीशेजारी, एकाच ओळीत. बटणाच्या कोरनं "दाबलं" असं लिहून फळ्यावर उतरवलं. त्याच क्षणी तापमानाच्या कोरनं आपली ओळ फळ्यावर टाकली, तिच्यात बटणाची जुनी नोंद होती. झडपेच्या कोरनं जुनी नोंद वाचली. नोंदवहीच्या कोरनंही. चौघांपैकी कुणीच चुकलं नव्हतं. आबा तर नव्हतेच. मी ती भिंत परत घातली आणि सगळ्या चेंबरना नवी आवृत्ती पाठवली. सोबत काय बदललं त्याची टीप द्यावी लागते. मी लिहिलं – "किरकोळ सुधारणा."

हे ते. हे दोन शब्द माझा गुन्हा आहेत.

भूषणनं नवी आवृत्ती बघून विचारलं, "पुन्हा भिंत घातलीस?" मी म्हटलं, "हो. बरी दिसते." तो हसला. फोन माझ्या हातात होता, अण्णांचा नंबर त्यात होता. का नाही लावला? त्या महिन्यात आणखी दोन गट आमचा कंट्रोलर घेणार होते, हे खरं आहे. माझ्या पत्रकाची चर्चा होती, हेही खरं आहे. पण ही कारणं मी मागाहून गोळा केली. त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं की अकरा माणसांसमोर मी म्हटलेलं वाक्य त्याच अकरा माणसांसमोर गिळावं लागेल. ते मला नको होतं. याला भित्रेपणा म्हणतात. दुसरा शब्द मला सापडलेला नाही आणि मी शब्दांवरच जगते.

यंत्राच्या आतली चूक मी दुरुस्त केली. यंत्राबाहेर अकरा माणसांच्या डोक्यात जुनी प्रत तशीच ठेवली. सुपडू आबा विसरले आणि कबूल करेनात – ही प्रत. आपलं यंत्र चार कोरमध्ये जुनं काही राहू देत नाही, असं मी लोकांना फळ्यावर चित्र काढून सांगायचे. आणि मी स्वतः?

त्यानंतर वर्षभरात मी धुळ्यात एका सभेत बोलले. विषय यंत्र आणि कामगार. मी म्हटलं, काम करणाऱ्याचा शब्द हा पहिला पुरावा. टाळ्या पडल्या. मी थांबून त्या पुऱ्या होऊ दिल्या. हेही लिहून ठेवते.

मागच्या रविवारी नाना म्हणाले, मला सोनगीरला घेऊन चल. नाना आता थकलेत, पण त्यांना किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका जुन्या वाचकाला चिठ्ठी द्यायची होती. फार वर्षांपूर्वीच्या एका पत्रकात त्यांनी एका ठरावाचं श्रेय भलत्याला दिलं होतं, ते आता जुने कागद चाळताना लक्षात आलेलं. मी दुचाकीवरून नेलं. तो गृहस्थ चिठ्ठी वाचून हसायलाच लागला. "नाना, हे तर मी कवाच विसरलो होतो." नाना म्हणाले, "कागद नव्हता विसरला. आता आठवलंच तर बरोबर आठवेल." दोघं चहाला बसले.

मी म्हटलं, दोन तासांत येते. कुठं जातेस हे नानांनी विचारलं नाही. मी शिंदखेड्याच्या रस्त्याला लागले.

आबा लेकीच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मला ओळखलं, सरकून जागा दिली. मी उभ्याउभ्याच सांगितलं – अहिराणीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळ आणि कोरी जागा आणि किरकोळ सुधारणा. त्यांचा हात थांबला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी सुपातला कचरा फुंकला.

"हाई मले सांगाले वनी का तू?" ते म्हणाले. "मले तं माहीतच व्हतं. बटन मीच दाबं ना."

आतून त्यांची लेक चहा घेऊन आली. आबांनी विचारलं, तीन नंबरचं दार अजून खाली घासतं का. मी म्हटलं, घासतं. मग ते म्हणाले, रागानं नाही, जसं कुणी चुकलेल्या वाटसरूला फाटा दाखवतो तसं – "ज्यास्ले माहीत नही, त्यास्ले सांग."

भूषणला हे आज संध्याकाळी देते आहे. बैठकीतल्या अकरा जणांच्या दारात, आणि ज्यांनी ज्यांनी आमचा कंट्रोलर घेतला त्यांच्याही, मी स्वतः जाऊन एकेक प्रत हातात ठेवणार आहे. धुळ्याच्या सभेत कोण कोण होतं ते मला माहीत नाही, म्हणून छापते आहे. खाली थोडी जागा कोरी राहील. ती मी राहू देते.

शुद्धिपत्र. केळी पिकवण्याच्या तीन नंबर चेंबरविषयी बैठकीत मी जिथे "बटण दाबलं गेलं नाही" असे वाचून दाखवले, तिथे "सुपडू आबांनी बटण दाबलं होतं" असे वाचावे. त्यानंतरच्या आवृत्तीच्या टिपेत जिथे "किरकोळ सुधारणा" असे आहे, तिथे "चूक माझी होती, मला ती सापडली, आणि मी ती लपवली" असे वाचावे.